मेंडेल यांनी इतके वाटाणे का मोजले?



वाटाण्याच्या शेंगा आपण सगळेच सोलतो. एखाद्या शेंगेत सात-आठ टपोरे दाणे निघतात, एखादीत दोनच. आपण काही ते मोजत बसत नाही. पण दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी युरोपातल्या एका मठाच्या बागेत एक शिक्षक असे दाणे मोजत बसला होता. एक-दोन दिवस नाही, तब्बल आठ वर्षं. त्या मोजणीतून आनुवंशिकता हे सगळं शास्त्र पुढे उभं राहिलं. त्या शिक्षकाचं नाव ग्रेगोर मेंडेल.

मेंडेल यांचं ३:१ हे गुणोत्तर आपण माध्यमिक शाळेत पाठ केलेलं असतं. मीही केलं होतं. पण किती दाणे मोजल्यावर ३:१ दिसतं, हा प्रश्न मला शाळेत असताना पडला नाही आणि डी. एड. करतानाही पडला नाही. तो पडला माझ्याच वर्गातल्या एका चुकीमुळे. ती आधी सांगते.

चौथीचा वर्ग होता. जून महिन्यात मुलांना काय येतं ते बघायला मी हातच्याच्या वजाबाकीची पाच उदाहरणं दिली. एका मुलाची पाचही चुकली. मी वहीत त्याच्या नावापुढे खूण केली आणि त्याला सोप्या गटात बसवलं. दोन महिने तो तिथेच होता. ऑगस्टमध्ये पालकसभेला त्याची आई आली तेव्हा कळलं की चाचणीच्या दिवशी त्याच्या अंगात ताप होता आणि घरच्या किराणा दुकानात सुट्ट्या पैशांचा हिशोब तोच बघतो! एक दिवस आणि पाच उदाहरणं, एवढ्यावर मी निकाल लावून मोकळी झाले होते.

त्यानंतर मेंडेल यांचं चरित्र वाचलं आणि वाटलं, हा माणूस आपल्याला आधीच भेटायला हवा होता. म्हणून आज त्यांची गोष्ट, जरा वेगळ्या बाजूने.

शेतकऱ्याचा मुलगा

मेंडेल यांचा जन्म जुलै १८२२ मधला. गाव हाइन्झेनडॉर्फ. तेव्हा ते ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात होतं, आज ते चेक प्रजासत्ताकात आहे. आईवडिलांनी ठेवलेलं नाव योहान. वडील अँटोन हे शेतकरी. स्वतःची शेती सांभाळून आठवड्यातले काही दिवस जमीनदाराकडे वेठीने राबावं लागायचं. घरी फळबाग होती, मधमाश्या होत्या. कलम कसं बांधायचं हे योहान वडिलांच्या हाताखालीच शिकला. गावच्या शाळेतही फळझाडं आणि मधमाश्या यांचं शिक्षण दिलं जायचं. परिसर अभ्यास म्हणून आपण आज जे शिकवतो, ते त्या छोट्या गावात दोनशे वर्षांपूर्वी चालू होतं म्हणा ना!

मुलगा हुशार आहे हे गावच्या शिक्षकांनी ओळखलं आणि पुढे शिकवा असा आग्रह धरला. योहान आधी दुसऱ्या गावच्या शाळेत आणि मग ट्रोपाऊच्या माध्यमिक शाळेत गेला. घरची परिस्थिती बेताची. खाणावळीचे पूर्ण पैसे परवडत नव्हते, म्हणून अर्ध्या जेवणावर राहायचं आणि गावाकडून काही आलं तर त्यावर भागवायचं. १८३८ मध्ये वडिलांच्या छातीवर लाकडाचा ओंडका आदळला आणि त्यांच्याने शेतीची कामं होईनाशी झाली. तेव्हापासून सोळा वर्षांच्या योहानने शिकवण्या घेऊन आपला खर्च भागवला. कष्ट आणि काळजीने तो आजारी पडायचा, महिनोन्महिने घरी यावं लागायचं.

एकुलता एक मुलगा म्हणजे शेत त्यानेच सांभाळायचं, अशी घरच्यांची अपेक्षा. पण त्याचं मन शिक्षणात होतं. शेवटी शेत मोठ्या बहिणीच्या नवऱ्याकडे गेलं. धाकटी बहीण थेरेसिया हिने आपल्या लग्नासाठी ठेवलेल्या वाट्यातला काही भाग भावाच्या शिक्षणासाठी दिला. मेंडेल हे कधी विसरले नाहीत. पुढे हाती पैसा आल्यावर त्यांनी तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला मदत केली. त्यातले दोन डॉक्टर झाले.

ऑल्म्युट्झ इथलं शिक्षण संपल्यावर, १८४३ मध्ये, भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांच्या शिफारशीवरून ते ब्रुन शहरातल्या सेंट थॉमस मठात दाखल झाले. आज या शहराला ब्रनो म्हणतात. मठात त्यांना ग्रेगोर हे नाव मिळालं. पोटाची चिंता मिटावी हे मठात जाण्याचं एक मोठं कारण होतं. पण हा मठ निव्वळ प्रार्थनेचा नव्हता. तिथे मोठं ग्रंथालय होतं, बाग होती. मठाधिपती सिरिल नाप यांना मेंढ्यांच्या आणि पिकांच्या पैदाशीत फार रस होता. त्या भागात लोकरीचा धंदा जोरात असल्यामुळे आईबापांचे गुण पिल्लांत कसे उतरतात, हा प्रश्न तिथल्या लोकांसाठी रोजच्या कमाईचा होता.

शिक्षक परीक्षेत नापास

आता आपल्या जिव्हाळ्याचा भाग. धर्मोपदेशक म्हणून मेंडेल यांना आजारी आणि मरणोन्मुख माणसांना भेटायला जावं लागे. ते दुःख बघून ते स्वतःच आजारी पडत. नाप यांनी हे ओळखलं आणि १८४९ मध्ये त्यांना झ्नाइम गावच्या शाळेत शिकवायला पाठवलं. तिथे ते रमले. मुलांना आवडले, सहकाऱ्यांनाही आवडले. पण कायम शिक्षक व्हायचं तर पात्रता परीक्षा पास व्हायला हवी. १८५० मध्ये त्यांनी ती दिली आणि नापास झाले! तेही निसर्ग इतिहास या विषयात. भौतिकशास्त्राची उत्तरं मात्र बरी होती. परीक्षकांना त्यांच्यातली चमक दिसली असावी, कारण त्यांना विद्यापीठात शिकायला पाठवावं असं सुचवण्यात आलं.

१८५१ ते १८५३ ही दोन वर्षं मेंडेल व्हिएन्ना विद्यापीठात शिकले. तिथे डॉप्लर यांच्याकडे भौतिकशास्त्र, एटिंग्सहाउझेन यांच्याकडे भौतिक आणि गणिती पद्धती, तर उंगर यांच्याकडे वनस्पतीशास्त्र. लक्षात घ्या, वनस्पतींच्या अभ्यासाला निघालेला हा माणूस मोजमाप आणि गणित शिकून परत आला होता. बाकीच्यांच्या आणि त्यांच्या कामात जो फरक पडला, त्याचं मूळ इथे आहे.

१८५४ पासून ते ब्रुनच्या शाळेत बदली शिक्षक म्हणून शिकवू लागले. १८५६ मध्ये पात्रता परीक्षेला दुसऱ्यांदा बसले, पण आजारी पडले आणि परीक्षा अर्धवट राहिली. त्यानंतर त्यांनी तो नाद सोडला. म्हणजे चौदा वर्षं उत्तम शिकवणारा हा माणूस कागदोपत्री कधीच पात्र शिक्षक झाला नाही. परीक्षांच्या निकालांची वाट बघत असलेल्या आपल्या मित्रमैत्रिणींना हे मुद्दाम सांगा. त्याच १८५६ साली त्यांनी बागेत ते प्रयोग सुरू केले, ज्यांनी त्यांचं नाव अजरामर केलं.

पेरण्याआधीची तयारी

मठाची ती बाग साधारण ३५ मीटर लांब आणि ७ मीटर रुंद. आपल्याकडच्या अर्ध्या गुंठ्याच्या परसबागा बघितल्या तर ही अडीच गुंठ्यांच्या आसपासची जागा. मोठी नाहीच.

आधी दोन वर्षं मेंडेल यांनी फक्त बियाणं तपासलं. व्यापाऱ्यांकडून वाटाण्याचे ३४ वाण आणले, लावले आणि कोणते वाण पिढ्यान्‌पिढ्या आपला गुण तसाच ठेवतात ते बघितलं. त्यातले २२ निवडले. मग सात गुण ठरवले: दाण्याचा आकार, दाण्याचा आतला रंग, बीच्या सालीचा आणि त्यासोबत फुलाचा रंग, शेंगेचा आकार, कोवळ्या शेंगेचा रंग, फुलं कुठे येतात ती जागा आणि झाडाची उंची. प्रत्येक गुणाचे दोन स्पष्ट प्रकार. गोल किंवा सुरकुतलेला, पिवळा किंवा हिरवा. मधलं काही नाही. मोजायचं असेल तर कशात काय मोजायचं हे आधी पक्कं हवं, हे त्यांनी पाळलं.

वाटाण्याचं फूल स्वतःच्याच परागकणांनी फळतं. म्हणून संकर करायचा तर कळी उमलण्याआधी ती हळूच उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे पराग कुक्षीवर लावायचे आणि फुलाला पिशवी बांधायची. गोल आणि सुरकुतलेल्या दाण्यांच्या एकाच प्रयोगासाठी त्यांनी १५ झाडांवर असे ६० संकर केले.

संकराचे सगळे दाणे गोल निघाले. ते पेरले, २५३ झाडं आली. त्या झाडांना आपलं आपण फळू दिलं. त्यांच्या शेंगांत ७३२४ दाणे मिळाले. त्यातले ५४७४ गोल आणि १८५० सुरकुतलेले. म्हणजे २.९६ ला १. पिवळ्या-हिरव्याच्या प्रयोगात २५८ झाडांवर ८०२३ दाणे आले, ६०२२ पिवळे आणि २००१ हिरवे. म्हणजे ३.०१ ला १.

मेंडेल यांच्याआधी वाटाण्याचे संकर कोणी केलेच नव्हते असं नाही. इंग्लंडमध्ये नाइट आणि गॉस यांनी ते केले होते, लपलेला गुण पुढच्या पिढीत परत दिसतो हेही बघितलं होतं. पण त्यांनी मोजलं नाही.

थोडे दाणे, भलतं उत्तर

आता खरा मुद्दा. समजा मेंडेल यांनी दोन-चार झाडांवरच काम थांबवलं असतं तर?

याचं उत्तर त्यांनी स्वतःच छापून ठेवलं आहे, आणि मला त्यांच्या लेखातला हा भाग सगळ्यात आवडतो. एकूण आकडे दिल्यावर त्यांनी सुटी झाडंही दाखवली. दाण्यांच्या आकाराच्या प्रयोगातली पहिली दहा झाडं बघा. एकावर ४५ गोल आणि १२ सुरकुतलेले. दुसऱ्या एकावर १९ आणि १०. आणखी एकावर २८ आणि ६. एकाचं गुणोत्तर चारच्या जवळ, एकाचं दोनच्या खाली, तर एकाचं पाचच्या जवळ! आणि ही तर साधी झाडं झाली. सगळ्यात टोकाची झाडं वेगळीच. एका झाडावर ४३ गोल आणि फक्त २ सुरकुतलेले होते. दुसऱ्यावर १४ गोल आणि १५ सुरकुतलेले! रंगाच्या प्रयोगातही तसंच, एका झाडावर ३२ पिवळे आणि १ हिरवा, तर दुसऱ्यावर २० पिवळे आणि १९ हिरवे.

विचार करा. एखाद्याच्या हाती फक्त १४ आणि १५ वालं झाड लागलं असतं तर त्याने निम्मे-निम्मे असा नियम सांगितला असता. ४३ आणि २ वाल्याने सुरकुतलेला दाणा म्हणजे चुकून झालेली गोष्ट म्हणून सोडून दिलं असतं. दोघेही प्रामाणिक, दोघांनीही नीट मोजलेलं, आणि दोघेही चुकलेले.

त्याच पहिल्या दहा झाडांची बेरीज केली तर ३३६ आणि १०१ येते, म्हणजे ३.३३ ला १. झाडांची ओढाताण एकमेकांत मिटायला लागली. २५३ झाडांची बेरीज केली की २.९६. मेंडेल यांना हे स्पष्ट दिसलं होतं. खरं प्रमाण एका झाडात सापडत नाही, शक्य तितक्या जास्त मोजण्यांच्या बेरजेत सापडतं, असं त्यांनी लिहून ठेवलं.

सातही प्रयोगांचे आकडे शेजारी ठेवले तर हीच गोष्ट पुन्हा दिसते:

दाण्याचा आकार: ७३२४ दाणे, २.९६ ला १
दाण्याचा रंग: ८०२३ दाणे, ३.०१ ला १
फुलाचा रंग: ९२९ झाडं, ३.१५ ला १
शेंगेचा आकार: ११८१ झाडं, २.९५ ला १
शेंगेचा रंग: ५८० झाडं, २.८२ ला १
फुलाची जागा: ८५८ झाडं, ३.१४ ला १
झाडाची उंची: १०६४ झाडं, २.८४ ला १

सगळ्यात कमी मोजणी शेंगेच्या रंगाची, ५८०. आणि तीनपासून सगळ्यात लांब गेलेला आकडाही तोच. सगळ्यात जास्त मोजणी ८०२३ ची, आणि सगळ्यात जवळचा आकडाही तिचाच. सातांची मिळून बेरीज १४,९४९ आणि ५,०१०, म्हणजे २.९८ ला १.

तुम्ही विचाराल, मग सगळीकडे सात-आठ हजार का नाही मोजले? कारण दाण्याचा गुण शेंग सोलली की लगेच दिसतो आणि एकेका झाडावर तीसेक दाणे मिळतात. पण झाडाची उंची किंवा शेंगेचा रंग बघायचा तर एकेक दाणा पेरून, पुढच्या हंगामापर्यंत थांबून, पूर्ण झाड वाढवावं लागतं. एक झाड म्हणजे एक मोजणी. दोन मीटरपर्यंत वाढणारी झाडं, आणि जागा अडीच गुंठे!

दहा रोपांचा प्रश्न

पुढच्या पिढीत हा जागेचा प्रश्न आणखी बिकट झाला. मेंडेल यांना बघायचं होतं की प्रभावी गुण दाखवणाऱ्या झाडांपैकी शुद्ध किती आणि आतून मिश्र किती. दोन्ही दिसायला सारखीच. ओळखायचं कसं? तर त्यांची मुलं बघून. मेंडेल यांनी पाच गुणांसाठी प्रत्येकी १०० झाडं निवडली आणि प्रत्येकाचे १० दाणे पेरले. दहाही रोपं प्रभावी निघाली तर झाड शुद्ध, एक जरी अप्रभावी निघालं तर झाड मिश्र. एका गुणासाठी एक हजार रोपं.

पण दहा पुरेशी आहेत का? गणित सोपं आहे. मिश्र झाडाचं एक रोप प्रभावी दिसण्याची शक्यता ४ पैकी ३, म्हणजे ०.७५. दहाही रोपं प्रभावी दिसण्याची शक्यता ०.७५ ला दहा वेळा गुणून येते, ती सुमारे ०.०५६. म्हणजे १०० मिश्र झाडं तपासली तर त्यातली पाच-सहा झाडं चुकून शुद्ध ठरणार. दहाऐवजी वीस दाणे पेरले असते तर ही चूक हजारात तीनवर आली असती, पण मग जागा दुप्पट लागली असती. जागा, वेळ आणि खात्री यांचा मेळ घालणं हेच तर पीक पैदाशीतलं अवघड काम आहे. आजही.

मेंडेल यांची अपेक्षा होती मिश्र ६७ आणि शुद्ध ३३. पाच गुणांचे निकाल असे आले: ६४ आणि ३६, ७१ आणि २९, ६० आणि ४०, ६७ आणि ३३, ७२ आणि २८. यातला ६० आणि ४० हा शेंगेच्या रंगाचा निकाल त्यांना खटकला. त्यांनी तो प्रयोग पुन्हा केला. या वेळी ६५ आणि ३५ आले. आणि त्यांनी दोन्ही निकाल छापले. नको असलेला आकडा खोडला नाही. शंभरासारख्या लहान संख्येत एवढा चढउतार होणारच, हेही नमूद केलं.

घेवड्याने घातलेलं कोडं

वाटाण्यानंतर मेंडेल यांनी घेवड्यावर प्रयोग केले. पांढऱ्या फुलांचा बुटका घेवडा आणि लाल फुलांचा वेलाचा घेवडा यांचा संकर. त्याला बी फार थोडं धरलं. पुढच्या पिढीत फुललेल्या ३१ झाडांपैकी फक्त एकाला पांढरी फुलं आली. चारात एक हा नियम कुठे गेला? मेंडेल यांनी अंदाज बांधला की फुलाचा रंग दोन स्वतंत्र घटक मिळून ठरवत असतील. तसं असेल तर पांढरं झाड सोळात एक यायला हवं.

पण ३१ झाडांवर हे सिद्ध करणं कठीण. सोळात एक येणारं झाड ३१ मध्ये एकही न दिसण्याची शक्यता साधारण १४ टक्के आहे. म्हणजे ते एकुलतं एक पांढरं झाड उगवलं नसतं, तर तो अंदाजही कदाचित सुचला नसता.

पिकांचे नवे वाण तयार करणारे याच हिशोबाने बेत आखतात. चारात एक येणारं झाड निदान एकदा दिसावं अशी ९५ टक्के खात्री हवी असेल तर किमान ११ रोपं लागतात. सोळात एक असेल तर ४७. चौसष्टात एक असेल तर १९१. हवे असलेले गुण वाढले की रोपांची संख्या अशी चौपटीने चढत जाते. आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले डॉ. पां. वा. सुखात्मे आणि डॉ. वि. गो. पानसे यांनी कृषी संशोधकांसाठी लिहिलेला संख्याशास्त्राचा ग्रंथ १९५४ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेने प्रसिद्ध केला. प्रयोगात किती झाडं आणि किती वाफे घ्यायचे, हे कृषी विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यातून शिकल्या.

कोणी लक्षच दिलं नाही

८ फेब्रुवारी आणि ८ मार्च १८६५ या दोन दिवशी मेंडेल यांनी ब्रुनच्या निसर्ग अभ्यास मंडळात आपलं काम वाचून दाखवलं. १८६६ मध्ये ते छापून आलं. त्यांनी ४० प्रती काढून घेतल्या आणि विद्वानांना पाठवल्या. कोणालाही त्याचं मोल कळलं नाही. झाडांच्या अभ्यासात गुणोत्तरं आणि बेरजा कशाला, असंच वातावरण होतं.

गंमत बघा, त्याच सुमारास इंग्लंडमध्ये डार्विन यांनीही श्वानपुष्पाच्या दोन प्रकारांचा संकर करून रोपं मोजली होती. १२७ रोपं, त्यात ८८ नेहमीच्या फुलांची, ३७ वेगळ्या फुलांची आणि २ मधली. म्हणजे २.३८ ला १. त्यांना त्यात ३:१ दिसलं नाही. दिसावं तरी कसं? एकच गुण, एकच प्रयोग आणि सव्वाशे रोपं.

जर्मनीतले नामांकित वनस्पतीशास्त्रज्ञ नेगेली यांच्याशी मेंडेल यांचा काही वर्षं पत्रव्यवहार झाला. त्या काळात मेंडेल हॉकवीड या रानफुलावर काम करत होते. त्याची फुलं अतिशय बारीक. भिंग आणि आरसा घेऊन काम करता करता त्यांचे डोळे दुखावले. आणि उत्तर वाटाण्यासारखं येईचना. कारण कोणालाच माहीत नसलेली एक गोष्ट होती: हॉकवीडमध्ये बऱ्याचदा परागाशिवायच बी धरतं आणि रोप थेट आईसारखं निघतं. म्हणजे कितीही झाडं मोजली असती तरी इथे ३:१ दिसलंच नसतं. संख्या मोठी हवी हे खरं, पण झाडही प्रश्नाला साजेसं हवं. वाटाणा निवडण्याआधी दोन वर्षं तपासणी केली होती, ती किती मोलाची ठरली ते इथे कळतं.

मार्च १८६८ मध्ये मेंडेल मठाधिपती झाले आणि शाळा सुटली. बागेलाही वेळ उरला नाही. मधमाश्या आणि हवामानाच्या नोंदी मात्र त्यांनी सोडल्या नाहीत. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर लावला. तो अन्यायाचा आहे म्हणत ते मरेपर्यंत भांडत राहिले. ६ जानेवारी १८८४ रोजी मूत्रपिंडाच्या विकाराने ते गेले. शहराने एका दयाळू धर्मगुरूला निरोप दिला. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना ओळखणारं कोणी नव्हतं. त्यांचे बरेचसे कागद मठात जाळून टाकण्यात आले.

सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, द फ्रीस, कोरेन्स आणि चेर्माक या तिघांनी वेगवेगळ्या ठिकाणी तसेच निकाल मिळवले आणि तेव्हा जुन्या अंकातला तो लेख सगळ्यांना सापडला.

फिशर यांची शंका

गोष्ट इथे संपवली असती, पण मग ती अर्धवट राहिली असती. १९३६ मध्ये इंग्रज संख्याशास्त्रज्ञ फिशर यांनी मेंडेल यांचे आकडे पुन्हा तपासले. त्यांनी नेमकं दहा रोपांचं गणित पकडलं. सहा प्रयोगांतली ६०० झाडं एकत्र केली तर मेंडेल यांचा निकाल ३९९ मिश्र आणि २०१ शुद्ध. दोनास एक या नियमाला अगदी चिकटून! पण दहाच रोपं तपासल्यामुळे काही मिश्र झाडं शुद्धांत जायलाच हवी होती. तसा हिशोब केला तर अपेक्षा ३७८ आणि २२२ च्या आसपास येते. एकूणच सगळे आकडे नियमाच्या जरा जास्तच जवळ आहेत, असं फिशर यांचं म्हणणं होतं. एखाद्या मदतनिसाने साहेबांना हवे तसे आकडे दिले असतील, अशीही शंका त्यांनी मांडली. त्यावर पुढे खूप वाद झाले, वेगवेगळी स्पष्टीकरणं दिली गेली. नियम मात्र जगभर पुन्हा पुन्हा तपासला गेला आणि खरा ठरला.

मला यातून एक गोष्ट महत्त्वाची वाटते. शंभर झाडांतला फक्त खटकलेला प्रयोग मेंडेल यांनी पुन्हा केला, मनासारखे आलेले चार केले नाहीत. आपणही हेच करतो. हुशार मुलाला कमी गुण पडले की पेपर पुन्हा तपासतो, मागे पडलेल्याला कमी पडले की अपेक्षितच होतं म्हणून पुढे जातो. पण मेंडेल यांनी सगळे आकडे उघड्यावर ठेवले, म्हणूनच सत्तर वर्षांनी कोणीतरी त्यांना प्रश्न विचारू शकलं.

वर्गात करून बघा

पाचवी ते सातवीच्या मुलांसोबत एक तासात होणारा उपक्रम सांगते. प्रत्येक मुलाला दोन नाणी द्या. एक नाणं आईकडून आलेला घटक, दुसरं वडिलांकडून आलेला. दोन्ही नाणी एकदम उडवायची. दोन्ही काटे पडले तर सुरकुतलेला दाणा, बाकी काहीही पडलं तर गोल दाणा.

आधी प्रत्येकाने फक्त चार वेळा उडवायचं आणि फळ्यावर लिहायचं. एकाही सुरकुतलेल्या दाण्याशिवाय बसलेली मुलं वर्गात साधारण तीनास एक निघतील. त्यांना नियम विचारा. ती ठामपणे सांगतील की सगळे दाणे गोलच असतात! मग प्रत्येकाने दहा वेळा उडवायचं. मग गटाची बेरीज. शेवटी सगळ्या वर्गाची बेरीज. तीस मुलांचे तीनशे दाणे झाले की फळ्यावर ३:१ कसं जवळ येतं ते मुलं स्वतःच बघतील. अगदी नेमकं येणार नाही, आणि ते आणण्यासाठी आकडे बदलू देऊ नका. तोच तर धडा आहे.

पालकहो, तुमच्यासाठीही एक विनंती. एका घटक चाचणीचे गुण बघून मुलगा गणितात कच्चा आहे असं ठरवू नका. ते एक झाड आहे, १४ गोल आणि १५ सुरकुतलेले असणारं. वर्षभरातली अनेक झाडं बघा.

माझ्या वर्गातला तो मुलगा आता पाचवीत आहे. त्याच्या नावापुढची जूनमधली ती खूण मी खोडलेली नाही. तिच्या पुढे नंतरच्या तारखा लिहीत गेले, आणि प्रत्येक तारखेपुढे त्या दिवशी त्याने सोडवलेल्या उदाहरणांचे आकडे. ते वाचणाऱ्याला तो मुलगा नीट कळेल.